नजरेने अंदाज घेताना तुम्ही मनात नेमकं काय करता?

प्रश्न
परवा एका कार्यक्रमात मला विचारलं किती माणसं असतील, मी पटकन दीडशे म्हणून मोकळा झालो आणि मोजल्यावर निघाली ३४०. अंतराचंही तेच, शंभर मीटर म्हणजे किती ते डोळ्यापुढे येतच नाही. काही जण बघताक्षणी जवळपास बरोबर सांगतात, ते कसं जमवतात? उपजतच असतं का हे? मला कामात रोज लागतं म्हणून विचारतोय.

प्रतिसाद १
उपजत फक्त तीन-चारपर्यंतच असतं. तेवढ्या वस्तू न मोजता अचूक कळतात, पुढे सगळा अंदाज, आणि तो आपण पटीत लावतो. म्हणजे १० आणि २० ठिपक्यांतला फरक लगेच दिसतो, ११० आणि १२० मधला नाही दिसत. म्हणून गर्दी बघून थेट आकडा बोलायचाच नाही. मी आधी दहा डोकी मोजतो, ती किती जागेत मावली ते नजरेत धरतो आणि तेवढाच तुकडा सगळ्या हॉलभर फिरवतो, किती वेळा बसतो बघायचं. तुकडा मधल्या भागातला घ्या, कारण मागचे लोक लांबून जास्तच दाट वाटतात आणि तिथेच घोळ होतो.

प्रतिसाद २
अंतरासाठी अंगठा वापरा. हात सरळ पुढे ताणायचा, एक डोळा मिटून अंगठा लांबच्या गाडीच्या एका टोकावर धरायचा, मग तो उघडून दुसरा मिटायचा. अंगठा बाजूला उडी मारतो. ती उडी किती मीटरची ते गाडीवरून काढा (साधी कार साधारण ४ मीटर), आणि दहाने गुणा. हात हा दोन डोळ्यांमधल्या अंतराच्या अंदाजे दहापट लांब असतो म्हणून हे जमतं. दोन गाड्यांएवढी उडी म्हणजे ८० मीटर.

प्रतिसाद ३
वरच्या पटीच्या मुद्द्यात भर. १६ जुलै १९४५ ला पहिल्या अणुचाचणीच्या वेळी भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीने कागदाचे कपटे हातातून सोडले, स्फोटाच्या लाटेने ते किती लांब गेले तेवढ्यावरून स्फोटाची ताकद १० किलोटन (म्हणजे १० हजार टन टीएनटी स्फोटकाएवढी) म्हणाला. खरा आकडा वीसच्या वर होता. दुपटीची चूक, पण हातात नुसते कपटे असताना मला तरी ते थोरच वाटतं!! काहीच सुचत नसेल तर दोन टोकं पकडा. १०० पेक्षा नक्की जास्त, १०,००० पेक्षा नक्की कमी, असं असेल तर मधला आकडा ५,००० धरू नका, १,००० धरा, तो दोन्हीकडून दहापटच लांब आहे.

प्रश्नकर्ता
सगळ्यांचे खूप आभार! आज अंगठ्याने करून बघितलं, ६० मीटर आलं. मग चालत गेलो, ७८ पावलं भरली, माझं पाऊल ७० सेंटीमीटरचं म्हणजे ५५ मीटर. इतकं जवळ येईल वाटलं नव्हतं. वजनाचं पण सांगा ना कुणीतरी.

प्रतिसाद २
एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. भरलेली बाटली एका हातात आणि ती वस्तू दुसऱ्या हातात घ्या, मग हात बदलून परत बघा.