मोठ्या बोअरचं रिव्हॉल्व्हर आणि ते हाताला बसवून घेण्याचा हक्क: तुमचं मत काय?

टूलरूमवाले, भोसरी

भाचा अमेरिकेत ॲरिझोनात असतो, तिथलाच नागरिक आहे. त्याच्याकडे रुगर कंपनीचं सुपर रेडहॉक आहे, .४४ मॅग्नम बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, इथे इंचात), साडेसात इंची नळीचं. वजन दीड किलोच्या आसपास. मी तिकडे गेलो तेव्हा ते तिथल्या गनस्मिथच्या (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या) बाकावर उघडलेलं होतं. उभं आयुष्य टूलरूममध्ये गेलेलं, त्यामुळे मला तिथून हलवेना. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट तो फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघत होता. इंचाचे पाच-सहा हजारांश एवढीच ती असते. जास्त झाली तर तापलेला वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात, फारच कमी झाली तर थोड्या गोळ्यांनंतर काजळी धरून सिलिंडर जड फिरतो. सिलिंडरमधली गोळ्यांची सहाही घरं फिरवून प्रत्येक घर नळीसमोर नेमकं येऊन अडकतंय का ते त्याने पाहिलं. चापाच्या आतल्या घासणाऱ्या पृष्ठांना नुसती झिलई दिली. अक्रोडाच्या लाकडाची मूठ भाच्याच्या पंजाच्या मापाने कोरली आणि नेम धरायच्या पुढच्या साइटला लाल फायबरची काडी बसवली, बस्स.

आता माझं बघा. .३२ बोअर, कानपूरच्या आयुध निर्माणीचं, वेब्ली या इंग्रज कंपनीच्या जुन्या घडणीवर बेतलेलं, मधून मोडून उघडणारं. कामगारांचा पगार रोखीने न्यायचो त्या काळापासून परवाना आहे. करंगळी मुठीबाहेर लोंबते. घोडा आधी न चढवता नुसता चाप ओढायचा तर इतका जोर लागतो की नेम सरकतोच.

माझं म्हणणं असं. पोलिसांनी चौकशी करून, वर्तणूक पाहून ज्याला परवाना दिला, त्याला कोणतं बोअर हवं ते ठरवायची मुभा हवी. आणि बोअर कोणतंही असो, प्रशिक्षित, परवानाधारक कारागिराकडून ते हाताला बसवून घ्यायची राजरोस सोय हवी. सगळ्यांना एकाच मापाची मूठ देणं म्हणजे सगळ्यांना एकाच नंबरचा चष्मा देण्यासारखं आहे. गोळी जिथे जायला हवी तिथेच जाणं ही सुरक्षितताच नाही का?

निवृत्त सुभेदार, वानवडी

टूलरूमवाले, तुमच्या कारागिरीच्या नजरेला मानतो. पण .४४ पुण्यात कशासाठी हवं, याचं उत्तर तुमच्या लिखाणात नाही.

आकडे बघा. .३२ ची गोळी सव्वासहा ग्रॅमची, नळीतून निघताना ऊर्जा साधारण दीडशे ज्यूल. .४४ मॅग्नमची गोळी साडेपंधरा ग्रॅमची, ऊर्जा तेराशे ज्यूलच्या घरात. म्हणजे आठ-नऊ पट. हे काडतूस १९५५ साली बाजारात आलं आणि त्यावर वाढला तो शिकारी वर्ग, अस्वल-रानडुकराच्या मुलखातला. आपल्याकडे दोन फ्लॅटमध्ये चार-सहा इंची विटेची किंवा ब्लॉकची भिंत असते. चोरावर झाडलेली आणि चुकलेली गोळी शेजाऱ्याच्या बेडरूममध्ये गेली तर जबाबदार कोण?

दुसरं, बंद खोलीत ते उडवून पाहिलेल्याला विचारा. डोळ्यांपुढे अंधारी, कानात शिट्टी, आणि झटक्याने नळी छताकडे. दुसरी गोळी नेमावर आणायला रोजचा सराव लागतो. परवानाधारकांपैकी वर्षातून एकदा तरी रेंजवर जाणारे किती असतील? बहुतेकांचं हत्यार लॉकरमध्ये, आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा.

नेमबाजाची आई, बाणेर

मी अर्ध्या बाजूने टूलरूमवाल्या काकांची, अर्ध्या बाजूने सुभेदार साहेबांची.

आमची मुलगी बालेवाडीच्या रेंजवर सराव करते. मूठ हाताला बसवणं ही खेळात चैन समजली जात नाही, पहिल्या महिन्यातच प्रशिक्षक ते करायला लावतात. लाकडी ग्रिपला पुट्टी लावायची, ओली असताना हात दाबून ठसा घ्यायचा, वाळली की कानशीने आणि पॉलिश पेपरने उतरवायची, आठवडाभर वापरून जिथे टोचतं तिथे पुन्हा. तिच्या अंगठ्याखालचा उंचवटा आम्ही असाच कमी-जास्त करत आणला. नियमही आहेत: मूठ मनगटाला आधार देणारी नको, आणि सेंटर फायर (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध ठोका बसणाऱ्या) पिस्तुलाचा चाप किमान १००० ग्रॅमला सुटला पाहिजे, त्याहून हलका चालत नाही. स्पर्धेआधी वजन टांगून तपासतात. म्हणजे "फेरफार" आणि "शिस्त" एकत्र नांदू शकतात, हे आम्ही रोज बघतो.

पण बोअरचं म्हणाल तर काका, त्याच सेंटर फायर प्रकारात ७.६२ पासून ९.६५ मिलिमीटरपर्यंत कोणतंही बोअर चालतं, तरी जगभरचे नेमबाज बहुतेक .३२ च निवडतात. झटका कमी, गोळी जाते तिथेच जाते. जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत याच प्रकारात ५९० गुण करून जागतिक विक्रमाची बरोबरी केली. नेमासाठी मोठं बोअर लागतं हे पटत नाही.

जुन्नरकर

पुण्यात काय लागतं ते पुणेकर ठरवोत. आमच्याकडे ऊस तोडायला आला की बिबट्या घराच्या ओट्यापर्यंत येतो. रात्रीची लाईट आली की पाणी द्यायला मीच एकटा जातो, हातात बॅटरी आणि काठी. बारा बोअरची बंदूक खांद्याला अडकवून पाण्याची दारं मोडता येत नाहीत, फावडं धरायला दोन्ही हात लागतात. कमरेला दणकट रिव्हॉल्व्हर असावं असं वाटणं चूक आहे का?

टूलरूमवाले, भोसरी

सुभेदार साहेब, हे घ्या "कशासाठी" चं उत्तर.

वनखात्यात होतो, आता खेड

जुन्नरकर दादा, तुमची भीती खरी आहे, ती मी अनेक घरांत बघितली. पण बिबट्या झडप घालतो मागून, बसलेल्या किंवा वाकलेल्या माणसावर. रिव्हॉल्व्हर काढायला तो सवड देत नाही. आणि अंधारात उसाच्या फडाकडे घाईने झाडलेली गोळी नुसता जखमी करते. जखमी बिबट्या त्याच फडात राहतो आणि सकाळी तोडणीवाले त्यात शिरतात. .४४ ने हे बदलत नाही.

कायद्याचंही बघा. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. जीव वाचवताना नाइलाजाने मारला गेला तर कलम ११ मध्ये संरक्षण आहे, पण प्रसंग तसाच होता हे तुम्हाला दाखवावं लागतं. त्यापेक्षा दिवसा वीज मागा, जोडीने जा, मोबाईलवर मोठ्याने गाणी लावा, मान झाकून वाका. माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात पिंजऱ्यातून आणलेले बिबटे मी पाहिलेत. गोळीने हा प्रश्न सुटलेला कुठेच पाहिला नाही.

जुन्नरकर

दिवसा वीज मागून मागून आमची एक पिढी गेली साहेब. तोवर काय करायचं ते सांगा.

वकील, शिवाजीनगर

बोअरबद्दल इथे बरीच सरमिसळ होतेय म्हणून लिहितो.

"मोठं बोअर म्हणजे प्रतिबंधित" असं नाही. प्रतिबंधित बोअरची कल्पना मुळात लष्कर-पोलिसांच्या काडतुसांवरून आली: ९ मिलिमीटर, .३८, .३०३ वगैरे. तेव्हा .४४ ची अडचण वेगळीच आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी हत्यार आयात करता येत नाही, नामांकित नेमबाजांना सवलत आहे. त्यामुळे दुकानात रिव्हॉल्व्हर मागितलं की समोर येतं ते मुख्यतः .३२, क्वचित .२२. जुनी विलायती हत्यारं हातोहात फिरतात आणि त्यांच्या किमती लाखांत जातात. समजा, मिळालं, तरी काडतुसं कुठून आणणार?

आता फेरफाराचं. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५: हत्यार बनवणं, विकणं याबरोबरच दुरुस्त करणं, बदलणं, चाचणी घेणं यालाही स्वतंत्र परवाना लागतो. तुमच्याकडे बाळगण्याचा परवाना आहे म्हणून ते उघडून आतलं काम करण्याचा परवाना मिळत नाही. कलम ६: नळी आखूड करणं किंवा एका वर्गातलं हत्यार दुसऱ्या वर्गात नेणं विनापरवाना बंद. कलम ८: क्रमांक खोडणं, बदलणं बंद. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ आणि ६ च्या भंगाला किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. त्याच दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली, आणि लग्न-वरातीत हवेत गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

टूलरूमवाले, तुमच्या घरी लेथ असेल, हातात कसब असेल, तरी आतल्या स्प्रिंगला हात लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. मुठीच्या दोन फळ्या बदलण्याने बोअर, नळी, क्रमांक काहीच बदलत नाही, तरीही ते परवानाधारक दुकानातून, पावती घेऊन करा.

टूलरूमवाले, भोसरी

वकील साहेब, माझी तक्रार नेमकी हीच आहे. कायदा म्हणतो दुरुस्ती परवानाधारकाकडे करा. मान्य. पण असा कारागीर शोधायला गेलं तर दुकानात बंदूक विकणारा भेटतो, फीलर गेज धरणारा भेटत नाही. ज्यांच्या घराण्यात हे काम होतं त्यांची मुलं दुसऱ्या धंद्यात गेली. मग हत्यार बिघडलेलंच लॉकरमध्ये पडून राहतं, नाहीतर कुणीतरी चोरून, अर्धवट काम करतो. स्प्रिंग नुसती कापून चाप हलका केला की घोड्याचा मारही हलका होतो, काडतुसाची टोपी पेटत नाही, आणि ऐन वेळी नुसता खट्ट आवाज. चापाची अटक जास्त घासली तर चढवलेला घोडा धक्क्याने सुटतो. या दोन्ही गोष्टी तिथल्या गनस्मिथने मला दाखवल्या, आणि म्हणूनच मी म्हणतो की हे काम शिकवा, त्याची परीक्षा घ्या, परवाना द्या, नोंद ठेवा. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून इथे आहे, पुण्याच्या हाताला हे काम परकं नाही. आयटीआयमधून एक अभ्यासक्रम निघायला काय हरकत आहे?

आणि आपले कारखाने बदलतात, हेही खरं. २०१४ मध्ये टायटॅनियम मिश्रधातूचं निर्भीक रिव्हॉल्व्हर आलं, वजन अर्धा किलो. २०२३ मध्ये प्रबल आलं, सिलिंडर बाजूला उघडणारं. मागणी केली की सुधारणा होते.

सिंहगड रोडवरची मी

निर्भीक "महिलांसाठी" म्हणून आणलं आणि किंमत ठेवली १,२२,३६०. रात्रीच्या शिफ्टवरून रिक्षाने येणारी बाई ते घेणार होती का? बोअर आणि अक्रोडाची मूठ हा ज्यांच्याकडे आधीच सगळं आहे अशा लोकांचा विषय आहे. मला रस्त्यावर दिवे आणि लगेच येणारी पोलीस गाडी हवी आहे.

मनोविकारतज्ज्ञ, कोथरूड

चोर, बिबट्या, शेजाऱ्याची भिंत सगळं आलं. घरातल्या माणसांबद्दल अजून कुणी बोललं नाही.

अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या मनात तो विचार तीव्रतेने येतो तो थोड्या वेळासाठी, आणि तेवढा वेळ निभावला की माणूस वाचतो. घरात काय हाताशी आहे यावर सगळं ठरतं. बंदूक दुसरी संधी देत नाही, आणि बोअर वाढलं की उरलीसुरली शक्यताही जाते. निवृत्ती, जोडीदाराचं जाणं, कर्ज, मुलाची परीक्षा, हे सगळं परवानाधारकाच्या घरातही होतं. परवाना देताना माणूस ठीक असतो. पाच वर्षांनी?

टूलरूमवाले, तुमच्याबद्दल शंका नाही. पण धोरण एका सज्जन माणसाकडे बघून ठरवता येत नाही.

टूलरूमवाले, भोसरी

डॉक्टर, हे मला पटतं, आणि म्हणूनच नूतनीकरणाला वैद्यकीय तपासणी खरोखरची हवी, नुसता शिक्का नको. रेंजवर दरवर्षी चाचणीही ठेवा, मी पहिला येईन. पण धोका आहे म्हणून कायदेशीर माणसाचं हत्यार बेढबच राहू द्या, हे त्यातून निघत नाही. बेढब मुठीने आत्महत्या थांबत नाही, चुकीच्या जागी गोळी मात्र जाते.

हडपसर गाव

आमच्याकडे प्लॉटिंगच्या पैशात परवाने आले आणि कमरेला लावून सत्कार समारंभाला जायची पद्धत आली. पोरं रील काढतात. सोन्याचा मुलामा दिलेली मूठ मी डोळ्यांनी पाहिली आहे. हाताला बसवायची सोय केलीत तर रांगेत पुढे कोण असेल, याचा विचार करा. मध्य प्रदेशातून येणाऱ्या गावठी पिस्तुलांनी आधीच भागातली पोरं बिघडवली. त्यात परवानाधारकांनी हत्याराचा थाट वाढवू नये.

नेमबाजाची आई, बाणेर

हडपसरचे भाऊ, मिरवण्याला माझाही विरोध आहे. पण सोन्याचा मुलामा आणि पंजाच्या मापाची मूठ एकाच पारड्यात नका टाकू. पहिली लोकांना दाखवायला असते. दुसरी कुणाला दिसतही नाही.

निवृत्त सुभेदार, वानवडी

मुठीला, दुरुस्तीला, प्रशिक्षित कारागिराला माझी हरकत नव्हतीच. आयटीआयची सूचना चांगली आहे. निवृत्त आर्मोरर (लष्करातले शस्त्रदुरुस्ती कारागीर) पुण्यात भरपूर आहेत, शिकवायला तयार होतील. बोअरला मात्र हरकत आहे आणि राहील. वस्तीत .३२ पुरे.

टूलरूमवाले, भोसरी

बोअरवर आपलं जमणार नाही साहेब, मला निवडीची मुभा हवीच. पण कारागिरांचं निवेदन मी लिहायला घेतो. परवाना शाखेला आणि कौशल्य विकास विभागाला, दोन्हीकडे. वकील साहेब, मसुदा टाकला की कलमं तपासाल ना? आणि ताई, ती पुट्टी कोणती वापरता तेही कळवा, दुकानदाराला दाखवून मगच लावेन.

नेमबाजाची आई, बाणेर

सुतारकामाची साधी वूड पुट्टी, दोन भाग मिसळायची. पातळ थर द्या काका, जाड दिला की तडकते.