मदत हवी आहे: ४ किलोमीटरवरून १० पर्यंत कसं जायचं? नडगीही दुखतेय

गोदाकाठची

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला असते, वय ४३, शाळेत शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत धावायला लागले. त्याआधी आयुष्यात कधी धावले नव्हते, शाळेत असताना पीटीच्या तासालाही नाही. नऊ आठवड्यांचं ते सगळीकडे दिसणारं वेळापत्रक घेतलं. एक मिनिट धावायचं, दीड मिनिट चालायचं, आठवड्यातून तीनदा, मग हळूहळू धावण्याची मिनिटं वाढवत न्यायची. ते पूर्ण केलं तेव्हा कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर एकटीने साधारण ३३ मिनिटांत ४ किलोमीटर न थांबता धावत होते. घरी आले की दिवसभर अंगात उत्साह असायचा. झोप सुधारली, शाळेत जिने चढताना धाप लागेनाशी झाली. हे सगळं मला मनापासून आवडायला लागलंय, म्हणून इतकं सविस्तर लिहितेय.

नंतर आमच्या भागातल्या एका ग्रुपबरोबर गंगापूर रोडला जाऊ लागले. मंडळी फार चांगली आहेत, अंधारात सोबत होते, कुत्र्यांची भीती वाटत नाही. पण त्यांच्याबरोबर ३ किलोमीटर २० मिनिटांत होतात आणि तिथेच माझा दम संपतो. पुढे पाय उचलत नाहीत. म्हणजे अंतर वाढायच्या ऐवजी कमीच झालंय.

त्यात आता डाव्या पायाची नडगी दुखते. आतल्या बाजूला, घोट्याच्या वर, वीतभर पट्ट्यात. धावायला सुरुवात केली की दुखते, अंग गरम झालं की कमी होते, संध्याकाळी जिना उतरताना पुन्हा जाणवते.

जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या १० किलोमीटरला बहिणीने तिच्याबरोबर माझंही नाव घातलंय. आज ऑक्टोबरचा पहिला आठवडा. सकाळी साडेपाच ते साडेसहा एवढाच वेळ मिळतो, कारण सातला मुलाची बस असते आणि डबा करायचा असतो. रविवार मोकळा.

माझे प्रश्न: अंतर नेमकं कसं वाढवायचं? या दुखण्यात धावावं की पूर्ण थांबावं? मध्ये चाललं तर धावणं मोडतं का? आणि शेजारच्या काकू रोज सांगतात की चाळिशीनंतर धावलं की गुडघे झिजतात, त्यात तथ्य आहे का? बूट चालायचेच आहेत, दोन वर्षं जुने.

---

यवतेश्वर

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच लिखाणात आहे. एकटीने धावत होतात तेव्हा किलोमीटरला सव्वाआठ मिनिटं लागायची आणि ४ किलोमीटर होऊनही उत्साह उरायचा. ग्रुपबरोबर पावणेसात मिनिटांच्या आत किलोमीटर पडतोय आणि तीनलाच संपताय. तुमची ताकद कमी झालेली नाही, वेग दुसऱ्यांचा आहे.

अंतर वाढवायचं असेल तेव्हा वेग विसरायचा. धावताना सतराचा पाढा मोठ्याने म्हणून बघा. सतरा साते एकशे एकोणीसपर्यंत दोन-तीन शब्दांमागे श्वास तोडावा लागला तर वेग जास्त आहे. सलग म्हणता आला तर बरोबर. सुरुवातीला हे इतकं हळू वाटेल की आपण धावतोय की नाही अशी शंका येईल. येऊ द्या. या वेगात हृदय आणि स्नायू दमदार होतात आणि दुसऱ्या दिवशी अंग आंबून जात नाही.

ग्रुप सोडू नका, पहाटेची सोबत मोलाची असते. त्यांना सांगा की मी मागून माझ्या वेगाने येते. प्रत्येक ग्रुपात असा वेग हवा असणारं आणखी कुणीतरी असतंच.

मध्ये चालण्याबद्दल. मी सातारचा. आमच्याकडे सातारा हिल हाफ मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट लागतो, तिथे चांगले अनुभवी लोकही चढाला चालतात आणि माथ्यावर पुन्हा धावू लागतात. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनी धावणं-चालणं आलटून पालटून करण्याची पद्धतच रूढ केली. चार मिनिटं धाव, एक मिनिट चाल, असं पहिल्या मिनिटापासून करा. दम संपल्यावर चालण्यात आणि संपायच्या आधी चालण्यात फार फरक आहे.

---

अस्मि_फिजिओ

नडगीबद्दल मी लिहिते. न तपासता निदान करणार नाही, पण तुम्ही सांगताय ते वर्णन शिन स्प्लिंट्सशी, म्हणजे ताण पडून नडगीच्या कडेला होणाऱ्या दुखण्याशी जुळतं. नव्याने धावणाऱ्यांमध्ये हे फार दिसतं. दम दोन-तीन महिन्यांत सुधारतो, पण हाड आणि स्नायूबंध त्याच्या बरेच मागे असतात. छाती म्हणते चल, नडगी म्हणते थांब. त्यात वेग वाढला आणि ट्रॅक सुटून डांबरी रस्ता आला, म्हणजे दोन बदल एकदम झाले.

आज एक करा. खुर्चीत बसून नडगीच्या आतल्या कडेवरून बोट दाबत खाली या. वीतभर पट्टा सगळीकडे थोडा थोडा दुखत असेल तर ठीक. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, एका पायावर उडी मारताना दुखत असेल किंवा रात्री झोपेत ठणकत असेल, तर धावणं लगेच बंद करा आणि ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा. ते हाडाला बारीक चीर पडत असल्याचं लक्षण असू शकतं. सुरुवातीला एक्स-रेमध्ये ही चीर बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल आहे' एवढ्यावर धावायला सुरुवात करू नका.

पट्टाच दुखत असेल तर पूर्ण थांबायची गरज नसते. दोन आठवडे अंतर निम्मं करा, मातीवर धावा, चालणं मिसळा. दुखणं दहापैकी तीनच्या वर जाऊ नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमलेलं असावं. नसेल शमलं तर त्या दिवशी धावू नका. बर्फाने बरं वाटतं, लावा हवं तर, पण खरं काम पोटऱ्या बळकट केल्याने होतं. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, टाचा सावकाश वर, त्याहून सावकाश खाली. कठडा धरून, १२ ते १५ वेळा, तीनदा. मग हेच गुडघे थोडे वाकवून करायचं, कारण पोटरीचा खोलवरचा स्नायू तेव्हा जास्त काम करतो. एक दिवसाआड करा. कणीक तिंबून ठेवल्यावर ओट्यापाशी उभ्या उभ्याही होतं. दोन्ही पायांवर सोपं झालं की एका पायावर.

गोल ट्रॅकवर रोज एकाच दिशेने फिरू नका. एक दिवस उजवीकडून, एक दिवस डावीकडून. रस्त्याच्या कडेच्या उतारावरही एकच पाय सतत खाली पडतो, सपाट भाग बघा.

आणि एक. चाळिशीतल्या बायकांनी दम लवकर संपत असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्यावं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर कितीही नियमित धावलं तरी पाय जड वाटतात. घरात कुणाला हृदयविकार असेल किंवा तुम्हाला बीपी-शुगर असेल, तर अंतर वाढवण्याआधी डॉक्टरांना भेटा.

---

आकडेमोड

काकूंच्या गुडघ्यांच्या मुद्द्यावर. २०१७ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यात हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या झिजेचं प्रमाण सुमारे ३.५ टक्के होतं, न धावणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के. स्पर्धेसाठी वर्षानुवर्षं धावणाऱ्यांमध्ये मात्र १३.३. धावल्यामुळेच झीज टळली असं यावरून सिद्ध होत नाही, पण हौशी धावण्याने गुडघे जातात या समजाला आधार मिळत नाही. काकूंना हे सांगा, आणि त्यांनाही सकाळी ट्रॅकवर चालायला घेऊन जा.

आता अंतर. 'आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका' हा नियम तुम्ही ऐकला असेल. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला नवशिक्या धावपटूंवर याची चाचणी झाली, २००८ मध्ये ती छापून आली. दहा टक्क्यांच्या चालीने जाणारे आणि त्याहून भरभर वाढवणारे, दोन्ही गटांत दुखापतींचं प्रमाण जवळपास सारखंच, पाचातला एक. २०२५ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी पाच हजारांहून जास्त धावपटूंची नोंद तपासली. त्यातून दिसलं ते असं की आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकाच दिवशी घेतलेली उडी जास्त नडते. गेल्या ३० दिवसांत सगळ्यात लांब जेवढं धावलात त्याच्या दहा टक्क्यांहून जास्त एका दमात धावलात, की दुखापतीची शक्यता वाढते. मला हा नियम जास्त पटतो, कारण मोह नेमका तिथेच होतो. रविवारी हवा छान असते, पाय हलके वाटतात, आणि ५ च्या जागी माणूस ८ धावून येतो.

तुमचा हिशोब मांडून बघितला. दुखणं शमल्यावर रविवारची लांब धाव ४ पासून धरा. पुढे ४.४, ४.८, ५.३, ५.८, ६.४, ७, ७.७, ८.५, ९.३, १०.२. दहा पायऱ्या. दर तीन पायऱ्यांनंतर एक रविवार हलका ठेवायचा, म्हणजे मागच्या अंतराच्या दोन-तृतीयांश. ४ चा पहिला रविवार सोडून एकूण तेरा रविवार. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, त्यामुळे दोन आठवडे नडगीला दिले तरी जवळपास बसतं. शेवटची पायरी राहिली तरी हरकत नाही, साडेआठ-नऊ किलोमीटर आरामात धावणारा माणूस त्या दिवशी १० पूर्ण करतो. आधीच्या आठवड्यात मात्र काही वाढवू नका.

मधल्या दोन दिवसांत किलोमीटर मोजूच नका. अर्धा-पाऊण तास, पाढ्याच्या वेगाने, बस. तुमच्या एका तासात अंग मोकळं करण्यासकट आरामात होईल.

---

दादरकर

बूट आधी बदला. दोन वर्षं जुन्या चालायच्या बुटांचा तळ एव्हाना बसला असणार. महागच हवेत असं नाही, पण धावायचेच घ्या. संध्याकाळी दुकानात जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. धावताना घालता तेच मोजे घाला, उभं राहून पुढे अंगठ्याएवढी जागा सुटते का बघा आणि दुकानातच दहा पावलं पळून बघा. ५०० ते ८०० किलोमीटर झाले की पुन्हा बदलायचे. नवीन बूट शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

दुसरं म्हणजे हवा. जानेवारीत नाशिकला पहाटे कडाक्याची थंडी असते, तुमचा शेवटचा सराव त्यात होईल. मुंबईत तेव्हाही हवा दमट असते, घाम वाळत नाही आणि त्याच वेगाला जास्त धाप लागते. पहिले दोन किलोमीटर मुद्दाम हळू जा, गर्दीच्या लोंढ्याबरोबर वाहू नका. आदल्या दिवशी बहिणीकडे आलात तर शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती एक फेरी मारा, साधारण सव्वा किलोमीटर होते. हवेचा अंदाज येईल.

---

गोदाकाठची

सगळ्यांचे खूप आभार. इतकं नीट कुणी समजावलं नव्हतं. बोटाने दाबून बघितलं. पट्टाच दुखतो, एका जागी कळ नाही, उडी मारतानाही दुखत नाही. तरी रक्ततपासणीसाठी उद्या जातेय. ग्रुपमध्ये विचारलं, आणखी दोघीजणी हळू धावायला तयार आहेत, एक तर म्हणाली की तिला कधीपासून हेच हवं होतं.

मंगळवार, गुरुवार आणि रविवार धावायचं ठरवलंय, बुधवार-शनिवार पोटऱ्यांचा व्यायाम. फक्त एक शंका. पुढच्या आठवड्यात घट बसतील, माझे नऊ दिवस उपवास असतात, एकवेळ फराळ. तेव्हा धावू की नको?

---

अस्मि_फिजिओ

नडगीचे दोन आठवडे आणि नवरात्र एकत्रच येतंय, बरं झालं. त्या नऊ दिवसांत चालणं ठेवा, आणि जमलं तर वीस मिनिटं अगदी हलकी धाव-चाल. अंतर वाढवायचं नाही. नुसत्या साबुदाण्यावर राहू नका, राजगिरा, शेंगदाणे, दही-ताक, दूध घ्या, आणि पाण्यात लिंबू-सैंधव. सकाळी निघण्याआधी दोन खजूर किंवा केळं खा. चक्कर आल्यासारखं वाटलं, हात थरथरले तर तिथेच थांबा आणि काहीतरी गोड खा.

पोटऱ्यांचा व्यायाम शनिवारऐवजी शुक्रवारी करा, रविवारच्या लांब धावेआधी पायांना एक पूर्ण दिवस मिळू दे. दसऱ्यानंतर नडगी कशी आहे ते इथेच कळवा, मग ४ किलोमीटरपासून सुरू करायचं की ३ पासून ते ठरवू.