सल्ला हवा: स्वयंसेवी दलासाठी डागडुजी केलेला जुना बंब घ्यावा का? (दोन गाड्या पाहिल्यात)

घंटावाला (धागाकर्ता)
नमस्कार. आमचं अग्निशमन दल पूर्ण स्वयंसेवी आहे. पगारी कोणी नाही, घंटा वाजली की सगळे हातातलं काम टाकून धावतात. आहे त्या बंबाचा पंप आता दाब धरत नाही, त्यामुळे दुसरा घेणं भाग आहे. बजेट नव्या बंबाच्या किमतीच्या पाव हिस्सा. त्यातच नळ्या, कपलिंग (नळ्या जोडायची तोंडं), टायर, कागदपत्रं, सगळं बसवायचंय.

गाडी १: १८ वर्षांची. विक्रेत्याने डागडुजी करून नवा रंग, नवे एलईडी दिवे आणि ४००० लिटरची नवी टाकी बसवली आहे. ऑटोमॅटिक गिअर.
गाडी २: २६ वर्षांची, एका दलाकडून थेट. २००० लिटरची टाकी, हाताचे गिअर, रंग उडालेला. पण पहिल्या दिवसापासूनच्या सर्व्हिसच्या वह्या आहेत.

आमच्याकडे हायड्रंट (बंबाला पाणी घ्यायचे रस्त्यावरचे नळ) मोजकेच. पाणी बहुतेक वेळा तळ्यातून किंवा विहिरीतून ओढावं लागतं. शेडच्या दाराची उंची ३.२ मीटर. कोणती घ्यावी?

लालगाडी
दोन्ही सोडा, नवीच घ्या. आमच्या दलाने नवी घेतली, किल्ली फिरवली की चालू, कटकट नाही. हप्त्यावर मिळते. आग विझवायची गाडी जुनी घेणं म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ.

घंटावाला
लालगाडी, बजेट वर लिहिलंय. हप्ते भरायला आमच्याकडे नियमित उत्पन्न नाही.

लालगाडी
बजेट वाढवता येतं. लोक देतात. मागायला लाजू नये.

चकाचक
गाडी १ डोळे मिटून. ऑटोमॅटिक आहे हे सगळ्यात मोठं. स्वयंसेवी दलात रोज वेगळा माणूस गाडी चालवतो, रात्री झोपेतून उठून येतो, त्याला गिअर मारत बसायला लावू नका. आमच्याकडे ॲलिसनचा गिअरबॉक्स आहे, तेल वेळेवर बदललं की वर्षानुवर्षं तक्रार नाही. आणि रंगाला नावं ठेवू नका. चकचकीत गाडी दारात उभी असली की नवी पोरं दलात यायला तयार होतात, हे मी पाहिलंय.

निवृत्त_पंपचालक
रंग, दिवे, गिअर यावर बोलण्याआधी पंप. तुम्ही तळ्यातून पाणी ओढणार, तर चाचणीही तळ्यावरच घ्या. टाकीतलं पाणी फिरवून दाखवतात ती चाचणी नव्हे. त्यात सक्शनची, म्हणजे पाणी ओढायची बाजू तपासलीच जात नाही.

आधी कोरडी चाचणी. सगळे वॉल्व्ह बंद, सक्शनला टोपण, प्रायमर (पंपातली हवा ओढून काढणारं यंत्र) चालवून २२ इंच पाऱ्याइतकी पोकळी तयार करा आणि प्रायमर बंद करून ५ मिनिटं काट्याकडे बघत राहा. १० इंचांपेक्षा जास्त पडला तर कुठेतरी हवा शिरतेय. मग पाणी. पंपावर अमेरिकन पाटी असेल तर पूर्ण प्रवाह १०.३ बारला २० मिनिटं, त्यानंतर ७० टक्के प्रवाह १३.८ बारला आणि ५० टक्के १७.२ बारला, प्रत्येकी ५ मिनिटं. युरोपीय पाटीवर एफपीएन (साध्या दाबाचा अग्निशमन पंप) १०-२००० असं काही लिहिलेलं असेल. म्हणजे १० बारला मिनिटाला २००० लिटर, तेही ३ मीटर खालून ओढताना. पाटीवर जे आहे ते गाडीने करून दाखवलं पाहिजे.

पंप चालू असताना खाली वाकून शाफ्टकडे बघा. ग्लँड पॅकिंग (शाफ्टभोवती आवळलेली दोरीसारखी भरणी) असेल तर थेंब थेंब पाणी पडायलाच हवं. कोरडी ठाक ग्लँड म्हणजे कोणीतरी गळती लपवायला नट आवळलेत, शाफ्ट तापून खरवडला जाणार. मेकॅनिकल सील असेल तर मात्र एक थेंबही नको.

वय बघता मी दुसरी घेणार नाही. २५ वर्षांनंतर बंब सेवेतून काढावा अशी अमेरिकन मानकाची शिफारस आहे, आणि १५ वर्षांनंतर राखीव ठेवावा अशीही. थोडं थांबा, मधल्या वयाची मिळेल.

पाणीदार
४००० लिटर. विषय संपला. हायड्रंट नाहीत म्हणता आणि २००० लिटरच्या गाडीचा विचार करता? मिनिटाला ४०० लिटरची एक लाइन लावली तर ५ मिनिटांत टाकी रिकामी. आमची गाडी ६००० लिटरची आहे, शेजारची दलं आमच्याकडे पाणी मागतात.

गंजशत्रू
पाणीदार, १ लिटर म्हणजे १ किलो. गाडी १ ची मूळ टाकी किती होती ते कोणी विचारलं का? विक्रेत्याने २५०० ची काढून ४००० ची टाकली असेल तर मागच्या एक्सलवर नुसत्या पाण्याचा दीड टन बोजा वाढला. चासीच्या पाटीवर कमाल वजन असतं. टाकी भरून, माणसं आणि सामानासकट वजनकाट्यावर चढवा, प्रत्येक एक्सल वेगळा. जास्त भरलं तर ती गाडी ब्रेक लागण्याआधी वळणावर पोचेल.

आणि नव्या रंगाखाली बघा. आमच्या दलाने एका विक्रेत्याकडून अशीच तुकतुकीत गाडी घेतली. पावसाळा सरला आणि टाकीच्या बैठकीखालचा सबफ्रेम पापुद्र्यांनी सुटायला लागला. गंजावरच जाड काळा लेप मारलेला होता. विक्रेता फोन उचलेना. लहान हातोडी घेऊन चासीवर टकटक करत जा, आवाज बद्द झाला की तिथला लेप खरवडून बघा.

चकाचक
सगळे विक्रेते तसे नसतात.

गंजशत्रू
नसतात. म्हणून तर हातोडी न्यायची.

डिझेलगंध
किलोमीटरला भुलू नका कोणीच. बंब दोन किलोमीटर जातो आणि तासन् तास जागेवर पंप चालवतो. तासांचा मीटर बघा. तो नसेल किंवा बदललेला असेल तर इंजिनाबद्दल काहीच कळत नाही असं धरा.

माझा कल जुन्याकडे. यांत्रिक इंधनपंपाचं डिझेल इंजिन कुठल्याही ट्रकच्या मिस्तरीला कळतं. १५-१८ वर्षांच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक कंट्रोल येतं, त्याचं एक कार्ड गेलं आणि कंपनीने तो भाग बंद केला असेल तर गाडी शेडमध्ये उभी.

लालगाडी
म्हणूनच नवी घ्या म्हणतोय. वॉरंटी असते.

साधाप्रश्न
मध्येच विचारतो, डागडुजी किंवा “रिफर्बिश” म्हणजे नक्की काय केलेलं असतं? आमच्याकडेही एक विक्रेता मागे लागलाय.

निवृत्त_पंपचालक
चांगला प्रश्न. विक्रेता म्हणेल ते, असं सध्या चाललंय. अमेरिकेत एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या १९१२ क्रमांकाच्या मानकात दोन पातळ्या होत्या. पहिल्या पातळीत गाडी जवळपास नव्याने उभी करायची आणि आजचं मानक लागू. दुसरीत मोठे भाग सुधारायचे, पण गाडी मूळ बांधली तेव्हाचंच मानक लागू. २०२४ पासून हे सगळं एनएफपीएच्या १९१० क्रमांकाच्या मानकात घेतलंय. तुमच्या देशात ते बंधनकारक असो नसो, विक्रेत्याकडून लेखी घ्या की कोणता भाग बदलला, कोणता दुरुस्त केला, कोणत्याला हात लावला नाही. तिसरी यादी सगळ्यात कामाची.

कपलिंगप्रेमी
कपलिंगबद्दल कोणी काहीच बोलत नाही! १९०४ साली बॉल्टिमोर जळत होतं, शेजारच्या शहरांतून बंब रेल्वेने आले आणि बऱ्याच जणांच्या नळ्या तिथल्या हायड्रंटला बसेनात, आटेच वेगळे. १५०० हून जास्त इमारती गेल्या. तुमच्या शेजारच्या दलांकडे कपलिंग कोणतं, स्टॉर्झ (दोन्ही तोंडं सारखी), इन्स्टंटेनियस (ढकलून बसणारं) की आट्यांचं? गाडीवर वेगळं असेल तर अडॉप्टरचा खर्च धरा. स्टॉर्झच सगळ्यात चांगलं, नर-मादीची भानगड नाही, अंधारात हातमोज्यांनी लागतं.

पाणीदार
इन्स्टंटेनियस त्याहून लवकर लागतं. ढकललं की खट्.

कपलिंगप्रेमी
आणि नळीचं टोक उलटं आलं की अख्खी नळी फिरवायची. स्टॉर्झला दोन्ही टोकं सारखी.

पाणीदार
नळी नीट गुंडाळली की टोक उलटं येत नाही.

गंजशत्रू
दोघांनी वेगळा धागा काढा, तिथे मीही येतो.

मागची_सीट
मागच्या बाकाला पट्टे आहेत का दोन्ही गाड्यांत? केबिन पूर्ण बंद आहे का? टायरही बघा, खाच खोल दिसली म्हणजे टायर चांगला असं नाही. बंब उभाच असतो, रबर जागच्या जागी म्हातारं होतं. टायरवर डीओटीपुढचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. ७ वर्षांवरचे बदलायचे. आणि फोमची टाकी असेल तर जुना फोम कोणता होता ते विचारा. पीएफओएस या घातक रसायनाचा असेल तर टाकी आणि पाइप धुतलेलं पाणी गटारात सोडता येत नाही, त्याची विल्हेवाट तुमच्या गळ्यात.

चकाचक
ऑटोमॅटिकचा मुद्दा परत एकदा सांगतो. गाडी १.

पाणीदार
+१. आणि ४००० लिटर.

निवृत्त_पंपचालक
अर्धी भरलेली ४००० ची टाकी आणि नवखा चालक ही जोडी मला नको. टाकीत आडव्या-उभ्या पडद्या आहेत का ते झाकण उघडून बॅटरी मारून बघा. पडद्या नसतील तर वळणावर पाणी एका बाजूला जातं आणि गाडीला घेऊन जातं.

घंटावाला
सगळ्यांचे आभार. दोन्ही गाड्या तुमच्या याद्या घेऊन परत बघितल्या.

गाडी १: विक्रेता तळ्यावर चाचणी द्यायला तयार नाही, टाकीवरच दाखवतो म्हणाला. काय बदललं नाही याची यादी मागितल्यावर उत्तर आलं नाही. मूळ टाकी २५०० ची होती, गंजशत्रूंचा अंदाज बरोबर. टाकीत पडद्या आहेत, त्या चांगल्या आहेत. वरच्या दिव्यांच्या पट्टीसकट उंची ३.३ मीटर, म्हणजे दारातच अडणार.

गाडी २: पोकळी २२ वरून ५ मिनिटांत १७ वर आली. तळ्यातून ३ मीटरवर १० बारला मिनिटाला १८५० लिटर दिले, पाटी २००० ची आहे. ग्लँड थेंब थेंब गळते. हातोडी मारली, मागच्या पायरीचा पत्रा गेलाय, चासी खणखणीत. फोमची टाकी नाहीच. कपलिंग शेजारच्या दलांसारखंच. टायर सगळे जुने. मागच्या बाकाला पट्टे नाहीत.

आम्ही गाडी २ घेतोय.

निवृत्त_पंपचालक
२६ वर्षांची? पंप चांगला निघाला याचा आनंद आहे, पण माझं मत तेच. अजून थांबायला हवं होतं.

घंटावाला
काका, तुमचा मान राखून सांगतो. थांबलो तर तोवर दाब न धरणारा पंप घेऊनच आगीवर जायचं. आमच्या दलातले दोघं दिवसा ट्रकवर मिस्तरी आहेत, याच बनावटीच्या चासीवर काम करतात. आमचे चालकही पोटापाण्यासाठी हाताच्या गिअरच्या अवजड गाड्याच चालवतात, त्यांना ऑटोमॅटिकचं अप्रूप नाही. जी गाडी आमची माणसं रात्री दोन वाजता उघडून दुरुस्त करू शकतात ती आम्हाला हवी. २००० लिटर कमी आहे हे मान्य. त्यासाठी उचलता येणारा एक छोटा पंप घेतोय, तो तळ्यावर ठेवून बंबाला पाणी देत राहील.

मागची_सीट
पट्टे?

घंटावाला
पट्टे आणि सहाही टायर लागल्याशिवाय गाडी घंटेवर जाणार नाही, बैठकीत तसा ठराव झालाय. पट्ट्यांची टोकं बाकाच्या पत्र्याला न लावता केबिनच्या सांगाड्याला लावायची आहेत. हे काम केलेलं कोणी असेल तर कृपया फोटो टाका.

लालगाडी
नव्या गाडीत पट्टे कंपनीतूनच येतात.

डिझेलगंध
घंटावाला, माझ्याकडे आहेत फोटो. आतून जाड प्लेट घालून बोल्ट पार केलेत. संध्याकाळी टाकतो.