पुराणकथा + मानसशास्त्र : खाली उतरून झालं, आता वर येण्याबद्दलचं पुस्तक सुचवा

मंडळी, पुस्तकं हवी आहेत. बायकांना बळ देणारी म्हणतात तसली, पण "तू देवी आहेस, तुझ्यात शक्ती आहे" टाइप नकोत प्लीज, ती वाचून मला उलट दमायलाच होतं.

थोडक्यात सांगते. दोन वर्षं घटस्फोटाचं चाललं होतं, कागदोपत्री संपलंय, डोक्यात नाही. काउन्सेलिंग चालू आहे, सो तो सल्ला नको.

आधी जीन शिनोडा बोलेनचं 'गॉडेसेस इन एव्हरीवुमन' (१९८४) वाचलं. मानसशास्त्रज्ञ युंगचे आदिबंध (सगळ्यांच्या मनात खोलवर असलेले स्वभावाचे साचे) घेऊन सात ग्रीक देवी, आपल्यात कुठली जोरात आहे ते बघायचं. आर्टेमिस, अथीना वाचताना मजा आली, मग हेरा आली आणि मी पुस्तक मिटलं. नवरा भानगडी करणार आणि हिचा सगळा राग त्या दुसऱ्या बाईवर! इतकं ओळखीचं निघेल असं वाटलं नव्हतं. नंतर पूर्ण केलं, पण शेवटी शेवटी जरा राशिभविष्य वाचल्यासारखं झालं, मी अमुक तू तमुक.

क्लॅरिसा पिंकोला एस्टेसचं लांडग्यांवालं, 'विमेन हू रन विथ द वुल्व्ज' (१९९२), अर्धं झालंय. त्यातल्या एका गोष्टीतली आईने मरताना दिलेली, खिशात ठेवायची बाहुली फार आवडली, पण भाषा इतकी भरजरी की दोन पानांत झोप.

खरी अडकले ती इनान्नापाशी. सिल्व्हिया ब्रिन्टन परेराचं 'डिसेंट टू द गॉडेस' (१९८१), छोटंसंच आहे. इनान्ना म्हणजे प्राचीन सुमेरची देवी, स्वर्गाची राणी, ती पाताळात बहिणीकडे जाते, सात दारं, दर दाराला अंगावरचं काहीतरी काढून घेतात, मुकुट, माळा, शेवटी वस्त्रसुद्धा, आणि आत गेल्यावर तिचं प्रेत खुंटीला टांगतात. इथपर्यंत मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती :) पण तिची सुटका कशी होते बघा ना, लढाई नाहीच. एन्की नावाचा देव नखातल्या मळातून दोन जीव घडवून पाठवतो, ते पाताळाच्या राणीजवळ, म्हणजे त्या बहिणीजवळ, बसतात, ती "आई गं, पोट" म्हणून कण्हते तर हेही कण्हतात, बस एवढंच. तिचं कुणी ऐकलं म्हणून ती खूश होऊन प्रेत देऊन टाकते. हे वाचून मी रात्री दोनला रडत बसले.

आणि वर आल्यावर तिला बदली माणूस द्यावा लागतो, तर नवरा मजेत सिंहासनावर बसलेला दिसतो, त्यालाच देते. मला हे जरा जास्तच आवडलं, त्याची थोडी भीतीपण वाटते.

तर प्रश्न असा की उतरण्याबद्दल सगळे लिहितात, वर आल्यानंतरच्या बाईबद्दल कुणी नीट लिहिलंय का? तिचा राग, कुणावर काढायचा, कुणावर नाही, वगैरे. मॉरीन मर्डॉकचं 'द हिरोइन्स जर्नी' मागवू का, त्यात हा भाग आहे का? आणि मराठीत? 'युगान्त' आणि 'व्यासपर्व' घरात आहेत, तीच नावं येणार म्हणून आधीच सांगते. द्रौपदी किंवा अंबेकडे मानसशास्त्राच्या अंगाने बघणारं काही असेल तर सांगा, जुना लेख असला तरी चालेल.

जाड पुस्तक सुचवलंत तर कुठल्या प्रकरणापासून सुरू करू तेही लिहा, सध्या दहा पानांच्या वर लक्ष टिकत नाही.