१० नंबरला बेअर्स कोणाला उचलणार? (२०२५ ड्राफ्ट)

निळानारिंगी: गुरुवारी ग्रीन बेला एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉल लीगचा) ड्राफ्ट, म्हणजे टीम पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडणार (पुणे-मुंबईकरांसाठी शुक्रवारी पहाटे साडेपाच), आणि जिकडे बघावं तिकडे आपल्या शिकागो बेअर्सच्या दहाव्या पिकवर बॉल घेऊन धावणाऱ्या ॲश्टन जेंटीचंच (रनिंग बॅक) नाव. नुसते आकडे बघून अंदाज ठोकणारे तोंडावर आपटणार, आत्ताच सांगून ठेवतो. बॉइसी स्टेटकडून एका सीझनमध्ये २,६०१ यार्ड धावणं खायचं काम नाही, बॅरी सँडर्सचा कॉलेज विक्रम फक्त २७ यार्डांनी राहिला, सगळं कबूल. पण टीमने मार्चमध्ये पैसा कुठे ओतला आणि कोच कुठून आलाय हे बघा ना राव. आपला क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) केलेब विल्यम्स, त्याला गेल्या सीझनला ६८ सॅक पडले, म्हणजे बॉल हातात असतानाच पाडला, म्हणून जनरल मॅनेजर पोल्सने थूनी, जॅक्सन, डालमन असे तिघं आणले, म्हणजे त्याला वाचवणाऱ्या लाइनचा मधला भाग झाला. उरला लेफ्ट टॅकल (लाइनचं डावं टोक), तिथल्या ब्रॅक्स्टन जोन्सचा घोटा डिसेंबरात मोडलाय. सो माझा अंदाज: चांगला टॅकल उरला तर टॅकल, नाहीतर टाइट एंड (अडवतोही आणि कॅचही घेतो तो). घाला शिव्या.

काकडआरती: टाइट एंड??? आपल्या टाइट एंड कमेटला २०२३ मध्ये ५ कोटी डॉलर्सचं कॉन्ट्रॅक्ट दिलंय, त्याला काय पाणी वाटायला ठेवणार? आणि कोच कुठून आलाय म्हणताय तर नीट बघा की, नवा कोच बेन जॉन्सन डेट्रॉइटचा. २०२३ ला तिथे १२ नंबरला रनिंग बॅक गिब्सला घेतला आणि आधीच्या रनिंग बॅक स्विफ्टला वाटेला लावला, तेव्हा ऑफेन्स हाच माणूस चालवत होता. आता तोच स्विफ्ट आपल्याकडे आहे. जॉन्सन त्याच्यावर दुसऱ्यांदा भरवसा ठेवेल असं खरंच वाटतं? जेंटीच येणार.

निळानारिंगी: त्याच वर्षी त्याच टीमने ३४ नंबरला लापोर्टा घेतला, पहिल्याच सीझनला ८६ कॅच. तो कोण? टाइट एंड. सोयीचं तेवढं आठवतं तुम्हाला.

चीजवाला: मी तुमच्या वैऱ्यांचा, ग्रीन बे पॅकर्सवाला आहे, तरी मध्ये तोंड घालतो. तुमच्या टीमचा अंदाज लावणं सगळ्यात सोपं, शहाणा माणूस जे करेल त्याच्या उलट धरायचं. २०१७ ला ३ वरून २ वर जायला पिक उधळले आणि घेतला कोण तर क्वार्टरबॅक ट्रुबिस्की, कॉलेजात जेमतेम १३ सामने सुरुवातीपासून खेळलेला, आणि माहोम्स १० नंबरपर्यंत तसाच पडून. कुठल्या मॉकवाल्याने (आधीच निवडींचा अंदाज मांडणाऱ्याने) हे सांगितलं असतं? हे सगळं कुडमुड्या जोशाचं काम आहे.

निळानारिंगी: २०२० ला तुमच्या तेव्हाच्या क्वार्टरबॅक रॉजर्ससाठी रिसीव्हर (बॉल झेलणारा) हवा म्हणून तुमचंच पब्लिक ओरडत होतं ना, आणि घेतला दुसरा क्वार्टरबॅक, जॉर्डन लव्ह.

चीजवाला: तेच तर म्हणतोय! कोणालाच कळत नाही, आणि लव्ह आज आमचा क्वार्टरबॅक आहे, रडायचं कारणच नाही 😄

सातवीफेरी: सगळे पहिल्या पिकवरच अडकलेत. आपल्याकडे ३९ आणि ४१ नंबरचे पिक पण आहेत, बोला की त्यावर कोणीतरी. मॉक करायचा तर पूर्ण करा, नावं पाठ करून काय होतंय, बोर्डवर कोण कधी उरेल त्याचा विचार करण्यातच खरी मजा आहे. बाकी घोडामैदान जवळच आहे.

काकडआरती: झालं. जेंटी ६ ला रेडर्सकडे गेला. कॅम्पबेल ४, मेम्बू ७, बँक्स ९, म्हणजे टॅकलही साफ, आणि आपण घेतला टाइट एंड लवलंड! पहाटे उठून हे बघायचं? निळानारिंगी, आता कॉलर ताठ करू नका, जेंटी आपल्यापर्यंत आला असता तर त्यालाच घेतला असता.

निळानारिंगी: असता-नसता कशाला, पिक टाइट एंडच झाला ना.

काकडआरती: बरं, टाइट एंडच घ्यायचा होता तर वॉरेन का नाही? पेन स्टेटला १०४ कॅच, १,२३३ यार्ड. लवलंडचे ५६ आणि ५८२, वर खांद्याचं ऑपरेशन झालेलं. सांगा आता.

निळानारिंगी: परत आकडे! अहो मिशिगनकडे गेल्या सीझनला धड क्वार्टरबॅक नव्हता, बॉल पोचला तर झेलणार ना तो. रूट कसे पळतो ते बघा एकदा, एवढा धिप्पाड गडी आणि वळतो रिसीव्हरसारखा. जॉन्सनला तेच हवंय.

चीजवाला: पिक झाल्यावर कारणं सगळ्यांनाच सुचतात हो.

काकडआरती: वॉरेन कोल्ट्सकडे गेलाय, १४ नंबरला. दोघांचे कॅच मी मोजणार आहे, तुम्ही मोजा नका मोजू.

सातवीफेरी: मोजा. तोवर ३९ चं बोला, दुसरी फेरी आजच आहे. मी रिसीव्हर म्हणतेय.