मदत हवी आहे: मल्याळम नावं समोर दिसतात, पण शोधली की सापडत नाहीत

घाईत_आहे
एर्नाकुलमच्या एका वाचनालयाच्या सभासदांच्या दोन याद्या एकत्र करायच्या आहेत. नावं मल्याळममध्ये. अनिल, मोहन, कुमार शोधलं की निम्मेच सापडतात. उरलेले डोळ्यांना हुबेहूब तसेच दिसतात. लता, उषा, राधा मात्र व्यवस्थित. सोमवारी द्यायचंय, लवकर सांगा.

पेंग्विनप्रेमी
कशात करताय? लिब्रेऑफिस टाका, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

घाईत_आहे
एक्सेल. दुसरं कशात करणार?

बंडूनाना
नावापुढे स्पेस राहिली असणार. ट्रिम लावा. आमच्या सोसायटीच्या यादीत हेच झालं होतं, शिवाय मेंटेनन्स कोणी भरला तेही कळेना.

घाईत_आहे
ट्रिम लावून झालं. नाही जमत.

आडगावकर
फॉन्ट बदला. रचना किंवा मंजरी घ्या, दोन्ही फुकट.

कोचीवाला
फॉन्टने फक्त दिसणं बदलतं हो, आतला मजकूर तोच राहतो. @घाईत_आहे, याद्या आल्या कुठून? एमएल-टीटी कार्तिकासारख्या जुन्या फॉन्टातल्या असतील तर फॉन्ट बदलताच इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल.

घाईत_आहे
कचरा नाही, मल्याळमच दिसतं. एक यादी २००६ ची, दुसरी गेल्या वर्षी लोकांनी मोबाइलवरून भरलेली.

कोचीवाला
हे आधी सांगायचं ना! हा चिल्लूचा घोळ आहे. शब्दाच्या शेवटचे न, ल, र वगैरे मल्याळममध्ये वेगळ्या आकारात लिहितात, ते चिल्लू. पूर्वी ते व्यंजन + चंद्रक्कला (आपला हलन्त) + झेडडब्ल्यूजे (झिरो विड्थ जॉइनर, अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) असे तीन तुकडे जोडून साठवत. २००८ मध्ये युनिकोड (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं प्रमाण) ५.१ ने नेहमीच्या चिल्लूंना स्वतंत्र क्रमांक दिले. दिसायला दोन्ही एकच, आत वेगळे. लता-उषात चिल्लूच नाही, म्हणून त्या सापडतात.
खात्री करा: 'अनिल'ची लांबी एक्सेलच्या लेन (LEN) सूत्राने मोजा. नव्या यादीत ४ येईल, जुन्यात ६.

घाईत_आहे
४ आणि ६ च आले! आता?

पेंग्विनप्रेमी
नॉर्मलायझेशन चालवा, एनएफसी; समतुल्य रूपं एकसारखी होतात. एका ओळीचं काम.

कोचीवाला
नाही चालणार. युनिकोडने ही दोन रूपं समतुल्य मानलेलीच नाहीत, एनएफसी त्यांना हातही लावत नाही.

पेंग्विनप्रेमी
मग स्वतंत्र क्रमांक देण्याचा आचरटपणा केलाच कशाला? स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंगवाले (मल्याळम सॉफ्टवेअर बनवणारा स्वयंसेवकांचा गट) तेव्हा विरोध करत होते, बरोबरच होते.

कोचीवाला
झेडडब्ल्यूजे अदृश्य असतो, काही सॉफ्टवेअर तो गाळून टाकतात. मग 'वन्-यवनिका' (मोठा पडदा) आणि 'वन्य-वनिका' (रानातली बाग) यांत फरक काय उरला? समर्थकांचा हा मुद्दा मला पटतो. तुम्हाला नसेल पटत तर वेगळा धागा काढा.

शुद्धलेखनी
आपल्याकडेही आहेच की हे. 'दऱ्या'तला र कुणी ऱ + हलन्त असा टाकतं, कुणी र + हलन्त + झेडडब्ल्यूजे. छापलं की सारखंच, शोधलं की बोंब.

बंडूनाना
मोबाइलवर तो 'ऱ्ह' कसा टाइप करायचा? 'तऱ्हा' लिहिताना दरवेळी अडतो.

घाईत_आहे
अहो माझं काय??

कोचीवाला
सबस्टिट्यूट (मजकूर बदलणारं सूत्र) आणि युनिचार (क्रमांकावरून अक्षर देणारं सूत्र) वापरा (एक्सेल २०१३ किंवा नंतरचं हवं). ३३६८ (न), ३४०५ (चंद्रक्कला), ८२०५ (झेडडब्ल्यूजे) हे तिन्ही ओळीने आले की त्यांच्या जागी ३४५१: हा न. ल साठी सुरुवात ३३७८, बदली ३४५३. र साठी ३३७६, बदली ३४५२. मोठा ण ३३६३ → ३४५०, ळ ३३७९ → ३४५४. मधले दोन क्रमांक (३४०५, ८२०५) सगळीकडे तेच. आणि झेडडब्ल्यूजे आधी सरसकट उडवू नका, मग चिल्लू कुठला हेच कळणार नाही.

घाईत_आहे
जमलं! पण अँटनी अजून दोन दिसतायत.

कोचीवाला
त्यातलं 'न्ट' हे जोडाक्षर. युनिकोडच्या प्रमाणानुसार ते चिल्लू न + चंद्रक्कला + ३३७७ चा र (वरच्या ३३७६ च्या र पेक्षा वेगळा) असं साठवायचं, पण बरेच लोक साधा न + चंद्रक्कला + तोच र टाकतात. म्हणजे ३४५१, ३४०५, ३३७७ च्या जागी ३३६८, ३४०५, ३३७७ करा.

पेंग्विनप्रेमी
प्रमाण सोडून लोकांच्या मागे? मघाशी तर युनिकोडची बाजू घेत होतात.

कोचीवाला
सोमवारी यादी द्यायची आहे त्यांना.

बंडूनाना
ऱ्ह चं कोणी सांगेल का?