जुन्या पिकअपमधील येणारा-जाणारा विजेचा बिघाड नेमका शोधावा कसा?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे २००७ सालची डिझेल पिकअप आहे. रत्नागिरीजवळच्या गावातून मार्च ते मे या काळात आंब्याच्या पेट्या घेऊन ती वाशीच्या बाजारात जाते. संध्याकाळी भरून निघायचे आणि पहाटे बाजारात पोहोचायचे, असा क्रम असल्यामुळे गाडी वाटेत बंद पडली तर त्या दिवसाचा भावच हातचा जातो.

तक्रारी दोन आहेत. पहिली अशी की हेडलाइट लावताच तापमानाचा आणि डिझेलचा असे दोन्ही काटे वर चढतात, मीटरमधील दिवे मंद होतात आणि इंडिकेटर दिला की काटे त्याच ठेक्यात हलू लागतात. दुसरी अधिक गंभीर आहे. दिवसा, विशेषतः दुपारच्या उन्हात आणि खराब रस्त्यावर, इंजिन कोणतीही सूचना न देता एकदम बंद पडते. त्या वेळी मीटरमधील लाल दिवे लागलेले असतात, सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन लागत नाही. दहा-पंधरा मिनिटे थांबल्यावर मात्र काहीच झाले नाही अशा रीतीने चालू होते.

आजवर बॅटरी नवी घातली, चावीचा स्विच बदलला, डायनामो उघडून दुरुस्त करून घेतला आणि दोन रिले बदलले. गॅरेजमध्ये नेल्यावर बिघाड कधीही दिसत नाही, त्यामुळे प्रत्येक मिस्त्री अंदाजाने एक भाग बदलतो. आणखी भाग बदलण्याआधी काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर

मी सातारा जिल्ह्यात ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. तुमच्या पहिल्या तक्रारीतच बरेचसे उत्तर आहे. टाकीतील डिझेल आणि इंजिनाचे तापमान एकाच क्षणी वाढू शकत नाही. दोन्ही काटे एकदम हलत असतील तर दोघांना सामाईक असलेली गोष्ट बिघडलेली आहे, आणि जुन्या गाडीत ती बहुतेक वेळा अर्थिंग असते, म्हणजे वीज पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाण्याची वाट.

पिकअपची केबिन चेसिसवर रबरी बुशांवर बसवलेली असते, म्हणजे विजेच्या दृष्टीने ती चेसिसपासून तुटलेली असते. दोघांना जोडण्यासाठी तांब्याची विणलेली पट्टी लावलेली असते. ती खालच्या बाजूला, चिखलपाण्याच्या माऱ्यात असल्यामुळे कोकणातल्या खाऱ्या हवेत काही वर्षांत आतून कुजते. मग केबिनमधील विद्युतप्रवाह परत जाण्यासाठी दुसरी वाट शोधतो. अशा गाड्यांत तो ॲक्सिलरेटरच्या केबलमधून किंवा मीटरच्या केबलमधून जातो आणि ती केबल तापून जळते, हे मी स्वतः पाहिले आहे. त्यामुळे या तक्रारीला किरकोळ समजू नये.

तपासणी ओहम मोजून करू नका. पट्टीचा एकच धागा शाबूत राहिला असला तरी मल्टिमीटर जवळपास शून्य ओहम दाखवतो आणि बझर वाजतो, कारण मीटर त्या धाग्यातून काही मिलिअँपिअरच सोडतो. प्रत्यक्षात ५५ वॉटचे दोन हेडलाइट लागले की साधारण ९ अँपिअर प्रवाह वाहतो आणि तेवढा भार तो धागा पेलत नाही. वाटेत ०.१ ओहम जरी अडथळा असला तरी १० अँपिअरला तिथे १ व्होल्ट खर्च होतो. म्हणून मोजायचे ते भाराखालील व्होल्टेज.

पद्धत सोपी आहे. इंजिन चालू ठेवून हेडलाइट आणि पंखा लावा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरा. टर्मिनलवर नव्हे, शिशाच्या खांबावरच, म्हणजे टर्मिनलचा दोषही मापात येईल. लाल तार क्रमाने चेसिस, इंजिन आणि केबिनचा उघडा पत्रा यांना लावा. प्रत्येक ठिकाणी ०.२ व्होल्टपेक्षा कमी दिसले पाहिजे. सेल्फ मारताना इंजिनावर थोडे जास्त दिसेल, पण ०.५ च्या वर जाऊ नये. आकडे इथे लिहा.

दुसरे उत्तर

एस.टी.च्या आगारात विद्युत विभागात अनेक वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त दुसऱ्या तक्रारीबद्दल लिहितो.

जुन्या डिझेल इंजिनाला चालू राहण्यासाठी वीज जवळजवळ लागतच नाही. पंपावरील डिझेल सोडणाऱ्या सोलेनॉइडला (विजेवर उघडणाऱ्या झडपेला) मात्र ती सतत लागते. ती गेली की डिझेल तुटते आणि इंजिन त्याच क्षणी थांबते. सेल्फ फिरतो पण इंजिन लागत नाही, हे त्याच्याशी तंतोतंत जुळते. तरीही लगेच सोलेनॉइड विकत घेऊ नका, कारण कारणे तीन असू शकतात: सोलेनॉइडपर्यंत वीज येत नाही, वीज येते पण तापल्यावर त्याची गुंडाळी आतून तुटते, किंवा डिझेलच्या नळीत हवा शिरते आणि विजेचा काहीही संबंध नाही.

तिघांचा निवाडा चार-पाच वॉटचा एक बल्ब करतो. सोलेनॉइडच्या टर्मिनलवरून एक बारीक तार काढा, तिच्या सुरुवातीलाच २ अँपिअरचा फ्यूज घाला, आणि ती केबिनमध्ये आणून डॅशबोर्डवर चिकटवलेल्या बल्बला जोडा. बल्बची दुसरी तार थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर न्या. केबिनच्या पत्र्याला जोडू नका, कारण तोच पत्रा सध्या संशयित आहे. मग गाडी नेहमीच्या कामाला लावा. बंद पडण्याच्या क्षणी बल्ब विझला तर दोष वायरिंगमध्ये आहे. बल्ब जळत राहिला तर चावी बंद-चालू करून पंपाला हात लावून पाहा. टक् असा ठोका जाणवला नाही तर सोलेनॉइडवर संशय घ्यावा. जाणवला तर डिझेलची नळी आणि फिल्टर तपासावेत.

गॅरेजमध्ये दहा मिस्त्री बघत बसले तरी जे दिसणार नाही ते रस्त्यावर एकटा बल्ब दाखवील. बिघाड असतानाच मोजमाप झाले पाहिजे. बिघाड नसताना केलेल्या तपासणीतून फक्त गाडी ठीक आहे एवढेच कळते.

आणखी एक विनंती आहे. डायनामो तपासण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल काढून पाहण्याची जुनी सवय अजूनही दिसते. तसे कोणालाही करू देऊ नका, कारण त्या क्षणी व्होल्टेज उसळून डायनामोचे डायोड आणि कटआऊट (व्होल्टेज आवरणारा भाग) जाऊ शकतात. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले म्हणजे डायनामो चार्जिंग करतो आहे.

तिसरे उत्तर

पेट्यांसोबत गवत किंवा पेंढा वाहत असाल तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आधी शोधाव्यात. आमच्या गाडीत बॅटरीच्या मागे घरटेच निघाले होते. आणि फ्यूजच्या जागी कोणी तार गुंडाळून ठेवली आहे का, हे आजच पाहावे. तशी तार असेल तर वायर घासली गेल्यावर फ्यूज उडण्याऐवजी वायरिंग पेट घेते.

प्रश्नकर्त्याचे निवेदन, १२ दिवसांनंतर

सर्वांनी सांगितले तसे केले. हेडलाइट आणि पंखा लावून घेतलेली मापे अशी आहेत: चेसिस ०.०६, इंजिन ०.०९ आणि केबिन १.३८ व्होल्ट. केबिनखालची पट्टी शोधायला अर्धा तास लागला, कारण ती चिखलाच्या थराखाली होती. वरून ती अखंड दिसत होती. बोटांत धरून वाकवल्यावर मात्र हिरवा भुगा सांडला आणि मधोमध चार-पाच धागेच शिल्लक दिसले. नवी पट्टी लावली, दोन्ही टोकांखालचा रंग पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत काढला, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस लावले. आता केबिनवर ०.०७ व्होल्ट येतात. काटे स्थिर आहेत आणि हेडलाइटचा उजेड इतका वाढला आहे की समोरून येणारे डिपर मारतात म्हणून त्यांचा झोत खाली करून घेतला.

इंजिन मात्र त्यानंतरही बंद पडले. तिसऱ्या फेरीत, रिकामी गाडी परत आणताना दुपारी दोनच्या सुमारास, बल्ब आणि इंजिन एकाच क्षणी विझले. मी चावी चालूच ठेवली, बॉनेट उघडले आणि वायरिंग थोडे थोडे हलवत गेलो. बॅटरीपाशी काही झाले नाही, फ्यूजच्या डब्यापाशी काही झाले नाही. इंजिनकडून केबिनमध्ये जाणारे वायरिंग जिथे पत्र्यातून आत शिरते, तिथल्या मोठ्या कपलरला (वायरी पिनांनी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडाला) हात लावताच आत बसलेला माझा मुलगा ओरडला, "लागला!"

कपलर उघडला तेव्हा पिनांची बाकी सगळी भोके पांढरी आणि एकच तपकिरी झालेले होते. त्यातील मादी पिनचे ओठ फाकलेले होते. पूर्वी कोणीतरी टेस्ट लॅम्पची जाड सुई त्यात खुपसून तपासणी केली असावी असे वाटते. पिन सैल असल्याने तिथे उष्णता निर्माण होत होती, उन्हात आणि हादऱ्यात संपर्क तुटत होता, आणि गार झाल्यावर पुन्हा जुळत होता. सध्या पिनचे ओठ बारीक पकडीने जवळ आणून काम चालवले आहे. पिन नवी घालावी की दोन्ही वायरी थेट जोडून टाकाव्यात?

पहिल्या उत्तरकर्त्याकडून

पिन नवीच घाला. एकदा तापलेल्या पितळेची लवचीकता गेलेली असते, त्यामुळे चिमटून बसवलेले ओठ काही महिन्यांत पुन्हा उघडतात. त्याच मापाची मादी पिन सुटी मिळते. कपलरच्या तोंडातून बारीक पेचकसाने आतील कुलूप दाबले की जुनी मागून निघते. वायरचे टोक काळे पडले असेल तर स्वच्छ तांबे दिसेपर्यंत मागे कापा आणि पिन क्रिंपिंगच्या पक्कडीने दाबून बसवा. नुसते डाग देऊन (सोल्डर करून) जोडू नका, कारण डागाच्या कडेला वायर ताठ होते आणि हादऱ्यांनी तिथेच तुटते. समोरची नर पिनही घासून स्वच्छ करा. थेट जोड दिला तर पुढे कधी केबिनचे वायरिंग सोडवावे लागेल तेव्हा तो कापावाच लागेल.

बल्ब मात्र हंगाम संपेपर्यंत काढू नका. पावसाळ्याआधी मागच्या दिव्यांच्या अर्थिंगवरही हीच व्होल्टेजची चाचणी करा. हौद्याखालचा त्या अर्थिंगचा बोल्टही केबिनच्या पट्टीएवढाच जुना आहे.